सातारा-सांगलीत गरम पाण्याचे झरे नाहीत, मग इथलं स्नानगृह कसं असावं? उत्तर लिंबच्या विहिरीत आणि कृष्णेच्या घाटावर आहे

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरात येत्या काळात बरंच बांधकाम होण्याची चिन्हं आहेत. 'नवीन महाबळेश्वर' या गिरिस्थान प्रकल्पासाठी राज्य सरकारने महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाला, म्हणजेच एमएसआरडीसीला, विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमलं. २३५ गावांचा प्रारूप विकास आराखडा तयार झाला, हरकती मागवल्या गेल्या आणि पर्यावरणाच्या अभ्यासकांनी त्यावर आक्षेपही घेतले.

या वादात जंगल, रस्ते आणि जमिनीचे व्यवहार हे मुद्दे पुढे आहेत आणि ते असायलाच हवेत. पण आणखी एक साधा प्रश्न आहे, जो फारसा कोणी विचारत नाही. पर्यटन आलं की रिसॉर्ट येतं, आणि रिसॉर्ट आलं की स्पा, जकुझी आणि गरम पाण्याचा तलाव येतो. ही इमारत नेमकी कशी असावी?

हा प्रश्न फक्त सौंदर्याचा नाही. तो पाण्याचा आहे, विजेचा आहे आणि कोणाला आत जायला मिळणार याचाही आहे.

आधी हे पाहू: इथे गरम झरे का नाहीत?

महाराष्ट्रातले बहुतेक प्रसिद्ध गरम झरे सह्याद्रीच्या खाली, कोकणपट्टीत आहेत. वज्रेश्वरी, गणेशपुरी, दापोली तालुक्यातलं उन्हवरे, संगमेश्वरजवळचं तुरळ, आरवली आणि राजापूरचं उन्हाळे ही त्यातली काही नावं. कोकणाबाहेर जळगाव जिल्ह्यात उनपदेव आणि नांदेड जिल्ह्यात उनकेश्वर आहे. सातारा आणि सांगली या यादीत दिसत नाहीत.

यामागचं कारण सोपं आहे. जमिनीत खोल जावं तसं तापमान वाढतं. साधारण दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सिअस. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरतं, तिथे तापतं आणि मोकळी वाट मिळाली की पुन्हा वर येतं. कोकणात किनाऱ्याला समांतर अशा खोल भेगा आहेत आणि जमिनीची उंचीही कमी आहे. त्यामुळे तिथे पाणी गरम असतानाच बाहेर पडतं.

घाटमाथ्यावर उष्णता नाही असं नाही. १९६७ च्या कोयना भूकंपानंतर या भागाचा अभ्यास सुरूच राहिला आणि पाटण तालुक्यातल्या गोठणे इथे शास्त्रज्ञांनी तब्बल ३ किलोमीटर खोल विंधनछिद्र घेतलं. हे काम बघणारी केंद्र सरकारची प्रयोगशाळा कराडलाच आहे. उष्णता खाली आहे, पण ती पाण्यासोबत आपोआप वर येत नाही.

म्हणजे सातारा-सांगलीत जो कोणी गरम पाण्याचं स्नानगृह बांधेल, त्याला ते पाणी विकत घेतलेल्या इंधनावर तापवावं लागेल. म्हणूनच इमारतीचा आराखडा इथे जास्त महत्त्वाचा ठरतो.

कातडीला तापमान कळत नाही, फरक कळतो

शाळेत अनेकांनी केलेला एक प्रयोग आठवा. तीन भांडी घ्या. एकात गरम पाणी, एकात गार आणि मधल्यात कोमट. एक हात गरम पाण्यात, दुसरा गार पाण्यात मिनिटभर ठेवा. मग दोन्ही हात एकदम कोमट पाण्यात बुडवा. एका हाताला तेच पाणी गार वाटेल, दुसऱ्याला गरम.

शरीर थर्मामीटरसारखं आकडा वाचत नाही. ते बदल ओळखतं. थोडं आधी कातडीला काय जाणवत होतं, त्यावर आताचं सुख ठरतं. उन्हातून आलेल्या माणसाला माठातलं पाणी अमृत वाटतं आणि थंडीत कुडकुडणाऱ्याला तेच नकोसं होतं, ते याचमुळे.

स्पर्शाचंही तसंच. एकाच खोलीतला तांब्याचा गडवा आणि लाकडी पाट यांचं तापमान सारखंच असतं. तरी गडवा गार लागतो, कारण तांबं हातातली उष्णता झपाट्याने ओढून घेतं. लाकूड ती ओढत नाही, म्हणून ते ऊबदार वाटतं.

स्नानगृह बांधणाऱ्यासाठी यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. मोठा तलाव आणि खूप गरम पाणी याने सुख वाढतंच असं नाही. सुख वाढतं ते गारव्यातून उबेत, उजेडातून अंधारात, गोंगाटातून शांततेत जाण्याच्या क्रमाने. इमारत हा क्रम ठरवते.

जुन्या हमामखान्यांनी हेच केलं होतं. आधी गार दालन, मग कोमट, मग गरम. घुमटाला लहान झरोके, त्यातून वाफेवर पडणारे उजेडाचे कवडसे. मध्य प्रदेशात, पण खानदेशाच्या वेशीवर असलेल्या बुऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यात असा मुघलकालीन हमाम आजही बघायला मिळतो.

स्वित्झर्लंडमधल्या एका गावाने काय केलं?

जगभर वास्तुकलेचे विद्यार्थी या विषयावर एक इमारत हमखास अभ्यासतात. स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडन प्रांतातल्या फाल्स या डोंगरी गावातलं स्नानगृह. वास्तुविशारद पीटर झुमथोर यांनी ते उभारलं आणि १९९६ मध्ये ते खुलं झालं. २००९ मध्ये झुमथोर यांना वास्तुकलेतला मानाचा प्रिट्झकर पुरस्कार मिळाला.

या इमारतीची गोष्ट हॉटेलच्या दिवाळखोरीपासून सुरू होते. गावातलं जुनं हॉटेल बुडालं, तेव्हा १९८३ मध्ये ते गावानेच विकत घेतलं. मग गावाने नवीन स्नानगृह बांधायचं ठरवलं. दगड गावच्याच खाणीतला, क्वार्टझाइट जातीचा. त्याच्या सुमारे ६०,००० फरशा एकावर एक रचून भिंती उभ्या केल्या. छतावर गवत उगवलं, त्यामुळे वरून पाहिलं तर इमारत डोंगराचाच भाग वाटते.

आत एकच मोठा तलाव नाही. वेगवेगळी छोटी दालनं आहेत. एका कुंडात पाणी ४२ अंशांचं, दुसऱ्यात १४ अंशांचं. एका कुंडात फुलांच्या पाकळ्या आणि त्यांचा वास. एका चिंचोळ्या दालनात नुसतं गुणगुणलं तरी आवाज भिंतींवरून घुमून परत येतो. उजेड छतातल्या बारीक फटींतून येतो. डोळे, कान, नाक, कातडी, प्रत्येकाला तिथे काम आहे.

या गोष्टीला पुढचा भागही आहे. इमारत इतकी गाजली की दोन वर्षांतच, १९९८ मध्ये, तिला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. पण २०१२ मध्ये गावाने मतदान करून हा सगळा व्यवसाय एका गुंतवणूकदाराला विकला आणि त्यावरून बराच वादही झाला. चांगली इमारत बांधणं एक, आणि ती गावाच्या हातात राहणं दुसरं.

सातारच्या माणसाला हे सगळं ऐकून एक जागा नक्की आठवेल.

लिंबची बारामोटेची विहीर

पुण्याहून साताऱ्याकडे येताना, साताऱ्याच्या थोडं अलीकडे महामार्गापासून आत लिंब गाव लागतं. तिथे बारामोटेची विहीर आहे. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ हा तिचा बांधकामाचा काळ.

विहिरीची खोली सुमारे ११० फूट आणि व्यास ५० फूट सांगितला जातो. नाव बारा मोटेचं असलं तरी प्रत्यक्षात १५ मोटा चालतील इतकी जागा आहे. काठावर बैल मोटा ओढत आणि पाणी आसपासच्या आमराईला जाई. मुख्य विहीर अष्टकोनी, शेजारी आयताकृती उपविहीर आणि दोन्हींच्या मधे चक्क एक छोटा महाल.

आता ही इमारत शरीराला कशी कळते ते बघा. वर ऊन. पायऱ्या उतरायला लागलं की दोन्ही बाजूंच्या भिंती उंच होत जातात आणि आभाळ अरुंद होतं. कमानीखालून गेलं की उजेड कमी होतो आणि हवा गार लागते. पावलांचा आवाज बदलतो. दगडावर हात ठेवला तर तो वरच्या उन्हाशी संबंध नसल्यासारखा थंड असतो. मग अचानक समोर अष्टकोनी पोकळी उघडते, खाली पाणी आणि वर आभाळ.

फाल्समध्ये जे आहे, त्यातलं बरंचसं इथे पावणेतीनशे वर्षं आधी आहे. अरुंदातून मोकळ्यात येणं, उजेडाची कसर, दगडाचा स्पर्श आणि आवाजाचं घुमणं.

यात जादू नाही, साधं विज्ञान आहे. जमिनीत काही मीटर खाली गेलं की ऋतूंचा परिणाम फार कमी होतो. तिथलं तापमान त्या भागाच्या वर्षभराच्या सरासरीच्या आसपास टिकून राहतं. म्हणूनच गावाकडे सगळे सांगतात की विहिरीचं पाणी उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात कोमट असतं. पाणी फारसं बदलत नाही, बाहेरची हवा बदलते. डिसेंबरच्या पहाटे विहिरीवर दिसणारी वाफ हाच फरक दाखवते.

सातारा-सांगलीला निसर्गाने गरम झरा दिला नाही, पण इंधनाशिवाय चालणारं हे साधन दिलं आहे. सांगलीकरांनी त्याचा दुसरा उपयोग करून दाखवला. हरिपूरची हळदीची पेवं याच तत्त्वावर होती. जमिनीखाली खड्डे करून त्यात हळद वर्षानुवर्षं साठवली जाई, कारण आतलं तापमान स्थिर राही. २००५ च्या महापुरात या पेवांचं मोठं नुकसान झालं.

याचा अर्थ लिंबच्या विहिरीत पोहायला जावं असा अजिबात नाही. ती ऐतिहासिक वास्तू आहे आणि खोल आहे. पण जमिनीत उतरणाऱ्या इमारतीची कला इथे आहे, हे तिथे उभं राहिलं की कळतं. 'महाराष्ट्र बारव मोहीम'सारख्या प्रयत्नांमुळे अशा बारवांकडे लोकांचं लक्ष पुन्हा वळलंय. त्यांची मोजमापं घेताना वास्तुविशारदांनी त्यांच्याकडे जुनी वास्तू म्हणून पाहावंच, शिवाय चालू अभ्यासक्रम म्हणूनही पाहावं.

कृष्णेचे घाट: बदलत्या पाण्याची इमारत

दुसरा वारसा आहे नदीकाठच्या घाटांचा. जुन्या महाबळेश्वरात पंचगंगा मंदिरात दगडी गोमुखातून पाण्याची धार कुंडात पडते. मंदिरात शिरताच आधी तो आवाज येतो, पाणी नंतर दिसतं. तिथून कृष्णा खाली वाईला येते. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याच्या मागचा घाट आहे. 'स्वदेस' सिनेमामुळे हा घाट देशभर पोहोचला. पुढे साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णा-वेण्णेचा संगम, आणि सांगलीत माई घाट, विष्णू घाट, सरकारी घाट. हरिपूरला वारणा येऊन मिळते.

घाट म्हणजे नुसत्या पायऱ्या असं वाटतं. पण अभियंत्याच्या नजरेने पाहिलं तर ती बदलत्या पाणीपातळीसाठी बनवलेली इमारत आहे. उन्हाळ्यात नदी खाली गेली तर माणूस शेवटच्या पायरीवर बसतो, पावसाळ्यात वरच्या. पाणी कुठेही असो, काठाला पाय टेकायला जागा मिळते.

सांगलीसाठी ही गोष्ट फार मोलाची आहे. इथे आयर्विन पुलापाशी धोका पातळी ४५ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. त्याआधी २००५ आणि त्यानंतर २०२१ मध्येही शहराने महापूर पाहिला. दगडी घाट पाण्याखाली जातात आणि गाळ धुतला की पुन्हा वापरात येतात. नदीकाठी काचेच्या भिंती, विजेची यंत्रं आणि लाकडी फरशी असलेली इमारत उभारली तर तिचं काय होईल, ते सांगलीकरांना वेगळं सांगायला नको.

मात्र सांगलीत पंचेंद्रियांची गोष्ट करायची तर सुरुवात नाकापासून करावी लागते. शेरीनाल्यातून कृष्णेत जाणाऱ्या सांडपाण्याचा प्रश्न शहरात अनेक वर्षांपासून गाजतोय. घाटाचं सुशोभीकरण करून दिवे लावता येतात, पण पाण्याला वास येत असेल तर त्या घाटावर कोणी उतरत नाही. इथे सांडपाणी प्रक्रिया हाच स्नानगृहाच्या रचनेचा पहिला भाग आहे.

घरातलं स्नानगृह आपण विसरलो का?

मोठ्या इमारती सोडा. मराठी घरात गरम पाण्याच्या स्नानाची पूर्ण परंपरा आहे. तांब्याचा बंब, त्यात पेटलेली लाकडं, धुराचा वास, न्हाणीतला दगड आणि पाट.

दिवाळीच्या पहाटेचं अभ्यंगस्नान आठवा. बाहेर अंधार आणि थंडी. पणतीचा उजेड. अंगाला कोमट तेल, मग उटण्याचा खरखरीत स्पर्श आणि सुगंध. कडकडीत पाण्याचा पहिला तांब्या. पायाखाली चिरडलेलं कारीट आणि त्याची कडू चव. बाहेर फटाक्यांचा आवाज. पाचही इंद्रियं एका अर्ध्या तासात कामाला लागतात, आणि हे सगळं दोन-तीन बादल्या पाण्यात.

लग्नातल्या हळदीच्या न्हाण्याचंही तसंच. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण स्थानिक म्हणवणाऱ्या स्पाच्या यादीत परदेशी नावाची मसाज असते आणि हळद सापडत नाही, असं चित्र असेल तर ते बदलायला फार खर्च येत नाही.

पाण्याचा आणि विजेचा हिशोब

आता आकड्यांकडे वळू. समजा एका रिसॉर्टने १० मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि सव्वा मीटर खोल तलाव बांधला. त्यात १ लाख लिटर पाणी बसतं. १० हजार लिटरचे १० टँकर.

हे पाणी २० अंशांवरून ४० अंशांवर न्यायला सुमारे २,३०० युनिट ऊर्जा लागते. महिन्याला १०० युनिट वीज वापरणाऱ्या घराचा हा जवळपास दोन वर्षांचा वापर झाला. तोही फक्त एकदा तापवायला. पुढे रोज वाफेतून, वाऱ्याने आणि रात्रीच्या थंडीने उष्णता जात राहते, ती भरून काढावी लागते. हीट पंप किंवा सौर यंत्रणा बसवली तर वीज बरीच वाचते, पण खर्च शून्य होत नाही. त्याउलट २० लिटरची एक बादली तेवढीच तापवायला अर्ध्या युनिटपेक्षा कमी ऊर्जा लागते.

हा हिशोब सातारा-सांगलीत जास्त टोचतो. महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यात पूर्वेला माण-खटाव आणि सांगलीत जत-आटपाडी कोरडे आहेत, तिथे तो ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना याच भागाला पाणी उचलून देण्यासाठी आहेत. भरपूर पाऊस पडणाऱ्या महाबळेश्वरलाही उन्हाळ्यात पाणी जपून वापरावं लागतं, कारण डोंगरावर पडलेलं पाणी झपाट्याने खाली वाहून जातं.

म्हणूनच लहान कुंड, जमिनीत उतरणारी रचना, जाड दगडी भिंती आणि झाकलेलं पाणी ही निवड फक्त देखणी नाही, ती कमी पाण्यात आणि कमी विजेत चालणारी आहे.

उष्णतेचा एक स्थानिक स्रोतही आहे, ज्याचा विचार व्हायला हवा: साखर कारखाने. उसाचा सुमारे ७० टक्के भाग पाणी असतो. रस आटवताना ते वाफ होऊन निघतं आणि थंड होऊन गरम पाण्याच्या रूपात मिळतं. गाळप हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे ऐन थंडीत असतो. हे पाणी थेट अंघोळीला वापरता येणार नाही, पण त्यातली उष्णता दुसऱ्या स्वच्छ पाण्याला देता येते. आइसलँडचं जगप्रसिद्ध 'ब्लू लगून' असंच वीजकेंद्राच्या टाकाऊ गरम पाण्यातून जन्माला आलं. तालुक्याच्या गावात शेतकऱ्यांसाठी, ऊसतोड कामगारांसाठी एखादं सार्वजनिक स्नानगृह कारखान्याच्या उष्णतेवर चालू शकतं का, याचा तांत्रिक अभ्यास करण्यासारखा आहे.

पायऱ्या कोणासाठी?

महाराष्ट्रात पाणवठ्याची गोष्ट फक्त दगड आणि पाण्यावर संपत नाही. इथे कोणी पाण्याला हात लावायचा, यावर माणसांचं माणूसपण ठरवलं गेलं. महात्मा जोतिराव फुले यांचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं कटगुण. त्यांनी १८६८ मध्ये पुण्यातल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुला केला. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी हातात घेतलं. बाबासाहेबांचं बालपणही काही काळ साताऱ्यात गेलं होतं.

आज दारावर जातीची पाटी नाही. पण तिकिटाचा दर तेच काम करू शकतो. ज्या गावच्या जमिनीवर, ज्या डोंगराच्या पाण्यावर स्नानगृह चालणार, त्या गावच्या माणसाला त्यात फक्त टॉवेल देण्याचं काम मिळणार असेल, तर ती रचना अर्धवट आहे.

बाईच्या दृष्टीने पाहिलं तर अनेक घाट आजही अपुरे आहेत. पाण्यात उतरायला जागा आहे, पण कपडे बदलायला आडोसा नाही. उन्हवऱ्यासारख्या ठिकाणी स्त्री-पुरुषांची कुंडं वेगळी आहेत, हा साधा विचार नदीकाठीही हवा. गुडघे दुखणाऱ्या आजीला, चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला पाण्यापर्यंत पोहोचता येतं का, हाही प्रश्न आहे. जुन्या उंच पायऱ्या सुंदर असल्या तरी त्या सगळ्यांसाठी नव्हत्या. नव्या बांधकामात उताराची वाट आणि आधाराचा कठडा देता येतो.

मग नव्या इमारतीला कोणते प्रश्न विचारायचे?

महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. कास पठार जागतिक वारसा यादीत आहे आणि २०२५ मध्ये मराठा लष्करी वारशासोबत प्रतापगडही त्या यादीत गेला. अशा भागात इमारतीच्या मंजुरीवेळी चटई क्षेत्र आणि पार्किंग यापलीकडे काही प्रश्न विचारता येतील. ग्रामसभेत, हरकतींच्या अर्जात किंवा बुकिंग करताना ते सामान्य माणूसही विचारू शकतो.

- दगड कुठला? हा सगळा काळ्या पाषाणाचा आणि जांभ्याचा प्रदेश आहे. टाकीने घडवलेला खरखरीत दगड ओल्या पायाला धरून ठेवतो. चकचकीत टाइल्सवर पाय घसरतो, आणि आवाजही कर्कश घुमतो.
- किती पाणी, किती वेळा बदलणार? वापरलेलं पाणी कुठे जाणार, नदीत की बागेत?
- उष्णता कशाची? सूर्याची, टाकाऊ वाफेची की डिझेलची?
- फरक आहे का? गार आणि गरम, अंधार आणि उजेड यांचा क्रम आहे, की एकाच पांढऱ्या दिव्याखाली एकच मोठा तलाव?
- पूर आला तर? नदीकाठची रचना पाण्याखाली जाऊन पुन्हा उभी राहील का?
- गावाला काय? आठवड्यातला एखादा दिवस, कमी दर किंवा मालकीतला वाटा, यातलं काही आहे का?

हे प्रश्न अवघड नाहीत. वीरूबाईंची विहीर बांधणाऱ्या कारागिरांनी त्यातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं दगडात दिली होती. त्यांनी एकाच इमारतीत आमराईला पाणी दिलं, बैलांना मोटेची वाट दिली आणि उन्हातून आलेल्या माणसाला बसायला गार सावली दिली. नवीन महाबळेश्वरचे नकाशे काढणाऱ्यांना त्यासाठी स्वित्झर्लंडला जाण्याची गरज नाही. लिंबचा फाटा महामार्गावरच आहे.